संकेतस्थळावरील भाऊबंदकी

बांध एक आणि त्याच्यावर हक्क सांगणारे दोन, असे झाले की कज्जा आलाच. आपल्या भागात याची उदाहरणे शोधावी लागत नाहीत. तहसील कचेरीच्या आवारात कोणत्याही दिवशी जाऊन उभे राहावे. परंतु एकाच संस्थेच्या संकेतस्थळावरील पानेही आपसांत अशीच भाऊबंदकी करतात, आणि तीत लाभ होतो तो तिसऱ्याच कोणाचा, ही गोष्ट शिकल्यासवरल्या मंडळींच्याही ध्यानात येत नाही. संकेतस्थळांचा व्यवसाय करणारे लोक हिला 'कीवर्ड कॅनिबलायझेशन' म्हणतात, म्हणजे स्वजातीयाला खाणे. शब्द भयंकर आहे. मला आपला भाऊबंदकी हा शब्दच अधिक योग्य वाटतो. कारण येथे कोणी कोणाला खात नाही. वाटण्या होतात, आणि वाटण्यांनी सगळेच दुबळे होतात.

हे घडते कसे? समजा, एखाद्या महाविद्यालयाने २०१९ साली आपल्या संकेतस्थळावर प्रवेशाची माहिती देणारे एक पान केले. पुढच्या वर्षी तेच पान दुरुस्त करण्याऐवजी नवे पान केले, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी एक. शिवाय सूचनाफलकाच्या विभागात एक, माहितीपत्रकाची पीडीएफ एक, आणि कला व वाणिज्य शाखांनी हौसेने केलेली आपापली दोन. सर्वांचा मथळा एकच, 'प्रवेश प्रक्रिया'. आता निंबर्ग्याची एखादी मुलगी बारावीचा निकाल लागल्यावर वडिलांच्या मोबाइलवर महाविद्यालयाचे नाव आणि 'प्रवेश' हा शब्द टाइप करते. शोधयंत्रापुढे एकाच घरातील अनेक उमेदवार उभे राहतात. सगळ्यांना ते पुढे आणीत नाही. एका संकेतस्थळाची सामान्यतः दोनांहून अधिक पाने वरच्या निकालांत दाखविणार नाही, असे गुगलने जून २०१९ मध्ये जाहीरच केले आहे. मग दोन कोणती? येथेच गोम आहे. एखाद्या पानाकडे बाहेरून किती दुवे येतात याला शोधयंत्राच्या लेखी मोठे वजन असते. जुन्या पानाने चार-पाच वर्षांत असे दुवे जमविलेले असतात. नव्या पानाला जन्मून पंधरा दिवस झालेले असतात. तेव्हा पुष्कळदा जुने पानच वर बसते. मुलगी गेल्या खेपेची तारीख वाचते, गेल्या खेपेचे शुल्क वाचते, आणि वडिलांचा एक दिवसाचा रोजगार बुडवून, एस.टी.चे भाडे खर्चून जेव्हा ती दारात येते, तेव्हा कारकून सांगतो, "अहो, ते जुनं आहे. नवीन खाली दिलंय की."

नवीन खाली दिले आहे हे कारकुनाला ठाऊक आहे, कारण त्यानेच ते दिले आहे. मुलीला कसे ठाऊक असावे?

या बाबतीत एक गैरसमज फार पसरलेला आहे. एकच मजकूर दोनदा आला तर गुगल 'दंड' करते, असे काही लोक सांगतात आणि त्या भीतीने भलतीच पाने पुसून टाकतात. साध्या पुनरुक्तीसाठी असा दंड नाही, हे गुगलने स्वतःच पुनःपुन्हा सांगितले आहे. नुकसान दंडाने होत नाही, विभागणीने होते. जे दहा दुवे एका पानाला मिळाले असते ते तीन-तीन, चार-चार असे वाटले जातात. तुरीच्या टोकणीत एका जागी दोन-तीन दाणे टाकतात. उगवल्यावर एक जोमदार रोप ठेवून बाकीची उपटतात. ही विरळणी न करणाऱ्याला सरकार दंड करीत नाही. रास काढताना त्याचे त्याला कळते.

आता कोणी म्हणेल, मोठ्या शहरांतील दुकानदारांचा हा प्रश्न आहे, आपल्या सीमाभागातील लहान संस्थांना त्याचे काय? माझे म्हणणे नेमके उलट आहे. हा प्रश्न इतर कोणाहीपेक्षा आपल्याला अधिक जाचतो. आणि त्याचे कारण आपली नावे.

निंबर्गा हेच नाव घ्या. कोणी ते निंबर्गा लिहितो, कोणी निंबरगा, कोणी निम्बर्गा. कन्नडमधून आणि रोमन लिपीतून ते आणखी निराळे होऊन येते. एका वेलांटीच्या अंतरावर विजयपूर जिल्ह्यातील निंबर्गी उभी आहे. गुरुदेव रा. द. रानडे ज्या परंपरेत झाले तिचे आद्य पुरुष निंबर्गी महाराज तेथले; त्यामुळे निंबर्गीचे नाव ग्रंथांतून आणि प्रवचनांतून सर्वत्र गेलेले. आपला तालुका आळंद. त्याच्याही पुढे एका वेलांटीवर ज्ञानेश्वरांची आळंदी आहे. त्या नावाशी स्पर्धा करण्याचे धाडस कोण करील? बिदर जिल्ह्यात बसवकल्याणचे लोक आपल्या गावाला घरगुती बोलण्यात नुसते कल्याण म्हणतात, आणि शोधयंत्रात कल्याण म्हटले की ठाण्याकडचे कल्याण पुढे येते. जिल्ह्याच्या नावाची कथा तर विचारूच नका. १ नोव्हेंबर २०१४ रोजी गुलबर्ग्याचे कलबुर्गी झाले. परंतु १९८० साली स्थापन झालेले विद्यापीठ गुलबर्गा विद्यापीठच राहिले, आणि आपल्या तुरीला २०१९ साली जे भौगोलिक मानांकन मिळाले तेही 'गुलबर्गा तूर डाळ' या नावानेच. त्याच वर्षी सप्टेंबरात हैदराबाद-कर्नाटकाचे कल्याण-कर्नाटक झाले. सीमेपलीकडेही तेच चालले आहे: २०२३ साली उस्मानाबादचे धाराशिव झाले, औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. नामांतरे योग्य की अयोग्य हा वाद येथे नको. लोक मात्र दोन्ही नावांनी शोधतात, आणि पुढची पंचवीस वर्षे शोधतील.

तेव्हा बाहेर इतके प्रबळ नामबंधू असताना आपण आपले थोडके बळ घरातच सहा ठिकाणी वाटून टाकावे, हे शहाणपण नव्हे. पण प्रत्यक्षात घडते काय? नावांचा हा गोंधळ पाहून कोणी हुशार माणूस उपाय सुचवितो की प्रत्येक नावाचे आणि प्रत्येक लेखनाचे एकेक पान करावे. गुलबर्ग्याचे वेगळे, कलबुर्गीचे वेगळे, निंबर्ग्याचे वेगळे आणि निंबरग्याचे वेगळे. हा उपाय रोगाहून वाईट आहे. त्याने भाऊबंदकी वाढतेच. आणि केवळ शोधयंत्राला गाठण्यासाठी अशी नावापुरती पाने उभी केली तर ती गुगलच्या नियमांत 'डोअरवे' म्हणून निषिद्धही आहेत. पान एकच असावे, आणि त्याच्या पहिल्या परिच्छेदात 'कलबुर्गी, म्हणजे पूर्वीचे गुलबर्गा' असे सरळ लिहावे. मराठी वाचकाला ते खटकत नाही. आपली आजीसुद्धा असेच बोलते.

खरे तर हा प्रश्न संगणकाच्या जन्माआधी ग्रंथपालांनी सोडवून ठेवलेला आहे. कुसुमाग्रजांच्या कविता एका नावाखाली आणि वि. वा. शिरवाडकरांची नाटके दुसऱ्या नावाखाली अशी तालिकेत विखुरली, तर वाचकाला अर्धाच लेखक सापडतो. म्हणून ग्रंथपाल एक नाव मुख्य ठरवितो, सर्व नोंदी त्याखाली आणतो, आणि दुसऱ्या नावाच्या कार्डावर एवढेच लिहितो की अमुक नाव पाहा. गोविंदाग्रज असोत की केशवकुमार, सर्वांची व्यवस्था हीच. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली, त्यांतील चौथ्या सूत्रात वाचकाच्या वेळेची जबाबदारी ग्रंथालयावर टाकली आहे. विकिपीडियाच्या मराठी आवृत्तीतही, जी २००३ पासून चालू आहे, हीच रीत दिसते: दुसऱ्या नावाने आलेल्याला मुख्य लेखाकडे पाठविणारे पुनर्निर्देशन, आणि एकाच नावाच्या दोन वस्तू असतील तर कोणती हवी ते विचारणारे निःसंदिग्धीकरणाचे पान. आपल्या संकेतस्थळांना यापेक्षा वेगळे काही करावयाचे नाही.

पण करावयाचे म्हणजे आधी शोधावयाचे. त्यासाठी मोठी विद्या लागत नाही. एक वही लागते. संकेतस्थळावरील प्रत्येक पानाचा पत्ता वहीत उतरावा आणि त्याच्यासमोर एकच गोष्ट लिहावी: हे पान कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते? ज्या दोन पानांसमोर एकच प्रश्न लिहिला गेला ती संशयित. काही पानांसमोर कोणताच प्रश्न लिहिता येणार नाही, आणि तो अनुभवही बोधप्रद असतो. मग गुगलमध्ये 'साइट' हा शब्द, विसर्गचिन्ह आणि संकेतस्थळाचा पत्ता रोमन अक्षरांत लिहून पुढे शोधशब्द दिला, म्हणजे त्या विषयाची आपली कोणती पाने त्याच्या दप्तरात आहेत ते दिसते. याहून पक्का पुरावा 'सर्च कन्सोल' या विनामूल्य साधनात मिळतो. त्यात मागील सोळा महिन्यांची नोंद असते. एखादा शोधशब्द निवडून 'पेजेस' या सदरात गेले की त्या शब्दासाठी आपली कोणकोणती पाने लोकांना दाखविली गेली ते कळते. आज एक पान, पुढच्या आठवड्यात दुसरे, पुन्हा पहिले, अशी अदलाबदल दिसली तर समजावे की घरात दोन कारभारी झाले आहेत.

मात्र येथे विवेक हवा. एका शब्दावर दोन पाने आली एवढ्यावरून कुऱ्हाड उचलू नये. नुसत्या महाविद्यालयाच्या नावावर इतिहासाचे पान आणि प्रवेशाचे पान अशी दोन्ही आली, तर ते भांडण नव्हे. शोधणाऱ्याच्या मनात काय आहे हे त्याने सांगितलेलेच नाही. शब्द एक असला तरी गरज वेगळी असू शकते, आणि शब्द वेगळे असले तरी गरज एकच असू शकते. 'प्रवेश', 'ॲडमिशन' आणि 'दाखला घेणे' हे तीन शब्द एकाच मुलीचे आहेत.

मराठीपुरती एक गंमत सांगण्यासारखी आहे. 'दुसऱ्या' या शब्दातील अर्धा र संगणकावर दोन प्रकारांनी उतरतो. एकदा नुक्त्याच्या ऱ ने, आणि एकदा साधा र, हलन्त व मधे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. छापून दोन्ही एकसारखे दिसतात, पण साध्या शोधात यंत्राला ते दोन शब्द वाटतात. वही करणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे, नाहीतर 'दुसऱ्या सत्राचे वेळापत्रक' एकदाच सापडेल आणि दुसरे राहून जाईल. आणि जे अंक जुन्या श्रीलिपीत किंवा कन्नड विभागात जुन्या नुडीत अक्षरजुळणी करून तसेच पीडीएफ करून चढविले आहेत, त्यांचे भांडण कोणाशीच नाही. युनिकोडमध्ये नसल्यामुळे त्यांतील अक्षरे शोधयंत्राला निरर्थक खुणा वाटतात. ते अंक आहेत आणि नाहीतही.

सापडल्यावर पुढे काय? बहुतेक वेळा उत्तर एकच: विलीनीकरण. सर्वांत जुने व सर्वांत अधिक दुवे असलेले पान राखावे, बाकीच्यांतील उपयुक्त मजकूर त्यात आणावा, आणि त्यांच्या पत्त्यांवरून '३०१' क्रमांकाचे कायमचे पुनर्निर्देशन द्यावे. राखलेल्या पानाच्या पत्त्यात वर्ष घालू नये. 'प्रवेश' एवढाच पत्ता पुरे, वर्ष मथळ्यात बदलत राहील. जेथे दोन्ही प्रती ठेवणे भागच आहे, उदाहरणार्थ एक पान वाचण्यासाठी व एक छापण्यासाठी, तेथे दुसऱ्याच्या मस्तकात 'कॅनॉनिकल' ही खूण घालून मूळ कोणते ते सांगावे. गुगल, याहू व मायक्रोसॉफ्ट या तिघांनी मिळून फेब्रुवारी २००९ मध्ये ती मान्य केली. ती सूचना आहे, हुकूम नव्हे. शोधयंत्र ती मानीलच असे नाही. दोन पानांची कामे खरोखर वेगळी असून केवळ मथळे सारखे असतील तर मथळे बदलावेत, आणि संकेतस्थळात जेथे जेथे 'प्रवेश' हा शब्द दुवा म्हणून आला आहे तेथे तो एकाच पानाकडे वळवावा. 'रोबोट्स' नावाच्या फाइलीत जुन्या पानाला कुलूप घालण्याचा मोह मात्र टाळावा. कुलूप घातल्यावर आत लिहिलेले पुनर्निर्देशन शोधयंत्र वाचणार कसे? वार्षिक अहवाल, निकाल आणि आपल्या या नियतकालिकाचे अंक यांना विलीनीकरण लागू नाही. ते वर्षाच्या नावानेच शोधले जातात.

एवढ्यावर लेख संपविला असता. परंतु या विषयाच्या आडून एक निराळीच सूचना अलीकडे कानावर येऊ लागली आहे, आणि तिच्यासाठीच खरे तर लिहावयास बसलो. सूचना अशी की आपल्या भागातील संस्थांच्या संकेतस्थळांवर एकच माहिती कन्नडमध्ये आणि मराठीत अशी दोनदा असते. ती परस्परांशी स्पर्धा करते. सबब सफाई करताना मराठी पाने काढून टाकावीत. काही ठिकाणी हेच मत उलट्या बाजूने, कन्नड पानांविषयीही, मांडले जाते. बोलणारे सद्हेतूने बोलतात असे मी मानतो. पण हे म्हणणे तांत्रिक दृष्ट्या चूक आहे, आणि चूक तंत्राच्या नावावर खपविली जात असल्यामुळे अधिक घातक आहे.

कन्नड पान आणि मराठी पान यांच्यात भाऊबंदकी नाही. जो कन्नडमध्ये विचारतो त्याला कन्नड उत्तर मिळते, जो मराठीत विचारतो त्याला मराठी. योग्य भाषांतर केलेल्या पानांना शोधयंत्रे पुनरुक्ती मानीत नाहीत. इतकेच नव्हे, तर ही दोन पाने एकाच वस्तूची दोन भाषांतील रूपे आहेत हे सांगण्यासाठी 'एचरेफलँग' नावाची खूण २०११ पासून उपलब्ध आहे. तिची अट एवढीच की मराठी पानाने कन्नड पानाचे नाव घ्यावे आणि कन्नड पानाने मराठीचे; एकानेच घेतले तर ती मानली जात नाही. (ही अट यंत्रासाठी केली आहे, पण सीमाभागातील माणसांनाही ती मानवेल.) आपला शेतकरी तुरीच्या ओळींत मूग किंवा उडीद घेतो. मूग दोन-अडीच महिन्यांत निघून जातो, तूर पाच-सहा महिने उभी राहते. या आंतरपिकाला विरळणीचा नियम कोणी लावीत नाही, आणि लावील त्याला कोणी शेती विचारीत नाही.

भांडण होते ते निराळ्याच ठिकाणी. वर कन्नड, खाली मराठी, मधे इंग्रजी अशी खिचडी एकाच पानावर केली की शोधयंत्राला पानाची भाषाच ठरविता येत नाही. भाषा ते मजकुरावरून ओळखते, पत्त्यावरून नव्हे. अशी पाने दोन्ही भाषांत मागे पडतात. आपले नियतकालिक एका बांधणीत दोन विभाग घेऊन निघते हे छापील अंकाचे भूषणच आहे. परंतु संकेतस्थळावर चढविताना मराठी विभागाची आणि कन्नड विभागाची पाने वेगळी करून त्यांना परस्परांचे दुवे द्यावेत. औराद, भालकी, बसवकल्याण आणि आळंद या तालुक्यांत ज्यांच्या घरी मराठी बोलली जाते अशी पुष्कळ मुले आहेत. ती शाळेत कन्नड शिकतात, उत्तम लिहितात. पण त्यांच्या आईवडिलांना शिष्यवृत्तीच्या अर्जाला कोणती कागदपत्रे लागतात ते मराठीतच वाचावयाचे असते. ते पान काढून टाकल्याने कन्नड पानाचा एकही वाचक वाढणार नाही.

ही सगळी दुरवस्था येते कोठून? माझ्या मते आपली संकेतस्थळे विद्यार्थ्यांसाठी केलेलीच नसतात. ती 'नॅक'साठी असतात. मूल्यमापनाच्या अहवालात प्रत्येक दाव्यासमोर दुवा द्यावा लागतो. म्हणून दर वर्षी नवी पीडीएफ, नवे पान, नवा पत्ता. जुने हलविले तर जुन्या अहवालातील दुवा तुटेल ही भीती. भीती खोटी नाही. पण तिच्यावर उपाय पुनर्निर्देशन हाच आहे, ढीग हा नव्हे. १९९४ साली बंगळुरूत स्थापन झालेल्या त्या संस्थेने महाविद्यालयांना नोंदी ठेवण्याची शिस्त लावली हे मान्य केले पाहिजे. परंतु तपासणी काही वर्षांतून एकदा येते, आणि विद्यार्थी दर जूनला.

काम फार मोठे नाही. आमच्यासारख्या महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर मोजून दीड-दोनशे पाने असतात. मराठी विभागातील दोन आणि कन्नड विभागातील दोन विद्यार्थी, त्यांच्या जोडीला ग्रंथपाल, आणि दोन रविवार एवढ्यात वही पुरी होते. वही कार्यालयात नव्हे, ग्रंथालयात ठेवावी, म्हणजे संकेतस्थळाचा ठेकेदार बदलला तरी ती हरवणार नाही. कोणते पान केव्हा कोठे विलीन केले याची तारीख तीत असावी. हे सारे मे महिन्यात व्हावे, निकालाच्या गर्दीत नव्हे. पुनर्निर्देशने निदान एक वर्ष तरी काढू नयेत असे गुगलचेच सांगणे आहे. मी म्हणेन की ती काढूच नयेत. कारण जुना पत्ता कोणत्या तरी माहितीपत्रकावर छापलेला असतो, आणि ते माहितीपत्रक कोणत्या तरी गावच्या हायस्कुलाच्या भिंतीवर अजून चिकटलेले असते.